उखर्डू आबांच्या हाताची सेवा

आजाऱ्याची सेवा करण्यात आपला समाज इतका पुढे गेला आहे, की पुष्कळदा आजार बरा होतो आणि सेवा तशीच चालू राहते.

धुळ्याजवळच्या उखर्डू आबांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. आबांचे मागणे एकच होते: भाकरी आपल्या हाताने चुरून खायची. भरवून घेण्याची त्यांना मनापासून लाज वाटे.

म्हणून देवपूरच्या एका दवाखान्यात त्यांच्या मेंदूवर चुंबकाचे उपचार सुरू झाले. (डोके उघडत नाहीत, बाहेरूनच टकटक करतात. आबांच्या गुरुजींची पद्धत हीच होती, फक्त चुंबक नव्हते.)

"यंत्र नुसतं मेंदूला उठवतं, आबा. हाताला कामाला तुम्हीच लावायचं," असे सांगून तिथल्या उपचार करणाऱ्या रूपाली मॅडमनी कामांची यादी दिली: गुंड्या लावणे, शेंगा सोलणे, पेला उचलणे.

यादी घरी येताच कुटुंबाने ती वाटून घेतली. गुंड्या मुलगा हितेंद्रकडे, शेंगा सून कोकिळाकडे, पेला जो जवळ असेल त्याच्याकडे. आबांनी शेंगेकडे हात सरकवला की कोकिळा कळवळून म्हणे, "आबा, तुम्ही कसाले तरास लेतस? आम्ही बठ्ठा शेतस ना!" महिनाभरात या 'बठ्ठा'चे, म्हणजे घरातल्या सगळ्या नऊ जणांचे, हात कमालीचे सुधारले. आबांचा मेंदू रोज अर्धा तास जागा होई, काम नाही असे पाही आणि पुन्हा पडे.

मग दोंडाईच्याहून बहीण ताईबाई भेटायला आली. खापराच्या पुरणपोळ्या झाल्या. आबांचे पोट तुडुंब भरले, तरी ताईबाईने आणखी एक पुढे केली आणि आबांचा उजवा हात उठून ताटावर आडवा झाला.

"ओ माय! भाऊना हात हालना!" ताईबाई ओरडली. आबांना रडू कोसळले. इतक्या दिवसांत प्रथमच हाताने त्यांचे ऐकले होते.

घराने मात्र ऐकले नाही. (आग्रहात नकार मोजत नाहीत.) हललेला हात पाहायला गाव लोटला, जो तो एक पोळी वाढून खात्री करी. दोन दिवसांत आबांनी बावीस वेळा हात उचलला आणि एकोणीस पोळ्या खाल्ल्या, त्याही भरवलेल्या.

तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जण ताईबाईला एस.टी.वर पोचवायला गेले. आबांनी उठून भाकरी घेतली आणि उजव्या हाताने वरणात चुरली. अर्धी धोतरावर सांडली, अर्धी तोंडात गेली. ती त्यांना फार गोड लागली.

तेवढ्यात कोकिळा परतली आणि आबांचा वरणाने माखलेला हात पाहून दुखावून म्हणाली, "आबा, आमनं काय चुकनं?"

वाचकांच्या घरी असा प्रसंग येणार नाही. वडिलांच्या हातातली पिशवी आपण आजही धावत जाऊन घेतली असेल. ती जड होती का, एवढे मात्र बघायचे राहिले असेल.