काशीराम अजून अवकाशात आहे

माणूस अवकाशात पाठवणं कठीण, त्याला परत आणणं अधिक कठीण, आणि परत येताना तो नेमका कुठे पडेल हे सांगणं सर्वांत कठीण. म्हणून वरच्या मंडळींनी समुद्रातल्या पडण्याच्या जागांची एक यादी केली. पहिल्या ठिकाणी जमलं नाही तर दुसरं, दुसरीकडे वादळ असलं तर तिसरं, असं करत करत सत्ताविसाव्या क्रमांकावर रत्नागिरीचं नाव लागलं. आधीच्या सव्वीस ठिकाणचा समुद्र एकाच दिवशी आटला, तरच अवकाशवीर रत्नागिरीसमोर उतरणार होते. पण यादीत नाव आलं की कक्ष स्थापन करावा लागतो. पंधरा दिवसांत 'मानवी अवकाश मोहीम जोखीम व्यवस्थापन कक्ष (पर्यायी)' अशी पाटी लागली, आणि पाटीखाली शिपाई लागतो म्हणून काशीराम गोताड यांची तिथे बदली झाली.

काशीराम लांज्याच्या आतल्या बाजूचा, डोंगरातला माणूस. समुद्र त्याने पाहिला होता तो एसटीच्या खिडकीतून, आणि तेवढा त्याला पुरे होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कोणत्या ना कोणत्या साहेबाच्या दाराबाहेर स्टूल टाकून दिवस काढले होते. आत काय चालतं ते त्याला चहाच्या कपांच्या संख्येवरून कळायचं.

कक्षाचे प्रमुख होते विनोद सरफरे साहेब. याआधी त्यांच्याकडे मोकाट कुत्र्यांचा विषय होता, आणि तो त्यांनी एकाही कुत्र्याला हात न लावता पूर्ण केला होता. धोका कागदावर येईपर्यंत धोका नसतो आणि कागदावर आला की तो कोणाच्या तरी अंगावर येतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. कक्षात दुसरी व्यक्ती म्हणजे नम्रता पावसकर, अभियंता. ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असल्यामुळे तिला काम करायची सवय होती. तिने महिनाभर खपून एक्केचाळीस धोक्यांची नोंदवही तयार केली. प्रत्येक धोक्यापुढे शक्यता, परिणाम, गुण आणि रंग. फार वाईट असेल तो लाल, मध्यम असेल तो पिवळा, आणि चिंता नको असा हिरवा. शेवटचा रकाना होता 'जबाबदार अधिकारी'. तो एक्केचाळीस ठिकाणी कोरा होता.

वरून आदेश आला की बारा नोव्हेंबरला रंगीत तालीम घ्यावी, समुद्रात पडलेल्या अवकाशयानाच्या कुपीतून माणूस बाहेर काढून दाखवावा. खरी कुपी तालमीला मिळणार नव्हती. तशी दिसणारी पोकळ कुपी बनवायचं काम, सर्वांत कमी दर भरल्यामुळे, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखानदाराला मिळालं. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे जाड, मजबूत टाकी बनवली, तिला केशरी रंग दिला, वर टाकीचं झाकण बसवलं आणि झाकणाला बाहेरून कडी घातली. टाकी आतून उघडायची पाळी त्याच्या एकाही गिऱ्हाइकावर आजवर आली नव्हती.

"धोका क्रमांक एकोणीस," नम्रता बैठकीत म्हणाली. "झाकण आतून उघडत नाही. शक्यता पाच, परिणाम पाच. पंचवीस गुण. लाल."

"लाल नको," सरफरे साहेब म्हणाले. "लाल असलं की मुंबईला कळवावं लागतं. कळवलं की मुंबई विचारते."

"झाकण बदलू या ना, सर."

"त्याला फेरनिविदा लागेल. चार महिने. बारा तारखेच्या आत बसेल असा उपाय सांगा."

बैठकीत चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत विचार झाला आणि उपाय सापडला. झाकणाच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवायची : 'सूचना : हे झाकण आतून उघडत नाही.' आतला माणूस झाकण उघडायला जाईल आणि घाबरेल, हा खरा धोका. आता त्याला आधीच कळणार असल्यामुळे तो उघडायलाच जाणार नाही. लालाचा पिवळा झाला. आत अंधार असेल, पट्टी दिसायची कशी, असं नम्रताने विचारलं, तेव्हा अक्षरं रेडियमची करायचं ठरलं आणि पिवळ्याचा हिरवा झाला.

धोका क्रमांक तेवीस, गळती, हा तर मिनिटभरात निकालात निघाला. कारखानदाराची दहा वर्षांची लेखी हमी होती की टाकीतलं पाणी बाहेर येणार नाही. बाहेरचं पाणी आत येण्याबद्दल हमीपत्र गप्प होतं, आणि जिथे कागद गप्प तिथे आपण बोलू नये असा दंडक आहे. संध्याकाळपर्यंत नोंदवही भाताच्या खाचरासारखी हिरवीगार झाली.

उरला माणूस. अवकाशवीराचं प्रमाणित वजन अडुसष्ट किलो होतं. कार्यालयात काटा आणून सर्वांना उभं केलं. अधिकारी वर्ग ऐंशीच्या पुढे निघाला, लिपिक वर्ग पंच्याहत्तरच्या आसपास रेंगाळला, आणि बरोबर अडुसष्ट भरला तो एकटा काशीराम. त्याला पोहता येत नाही ही अडचण नम्रताने मांडली. पण कुपीत बसलेल्या माणसाने पोहणं अपेक्षितच नव्हतं.

काशीरामला मात्र मनापासून आनंद झाला. सव्वीस वर्षं तो बाहेर आणि साहेब आत. आता तो आत बसणार आणि समस्त साहेबवर्ग त्याच्यासाठी बाहेर ताटकळणार. घरी संमतीपत्रावर बायकोची सही लागत होती. सोनूबाईने मासळी साफ करता करता ऐकून घेतलं.

"झाकण आतनं उघडतंय काय, ता इचारलाव काय?" तिने विचारलं.

"सरकारी काम हाय. भायेरनं उघडतील की."

"सरकारानं आजपत्तूर कुणाचा काय येळेवर उघडलानीत?"

काशीराम हसला. सोनूबाई हसली नाही, पण तिने सही केली, कारण दोन दिवस त्याच्या तोंडावरचा आनंद ती बघत होती आणि तो मोडणं तिच्या जिवावर आलं.

बारा तारखेला बंदरावर मांडव पडला, ध्वनिक्षेपक लागला, शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी राहिली. काशीरामला केशरी पोशाख घालून टाकीत उतरवलं. हवेसाठी वर एक नळी, हातात वॉकीटॉकी. झाकण लावलं, कडी घातली, कडीवर लाख ओतून सील केलं आणि पंचनामा झाला. मग टाकी ओढत समुद्रात नेली आणि दोरी सोडली, कारण अवकाशातून येणाऱ्या कुपीला दोरी नसते. थोड्या अंतरावर बचाव नौका उभी राहिली. तिच्यावर सोळा माणसं लाइफ जॅकेट घालून हुकमाची वाट बघत होती.

आत अंधार होता. वर रेडियमची अक्षरं तेवढी चमकत होती. काशीरामने ती तीनदा वाचली आणि वाचल्यावर त्याला मुळीच बरं वाटलं नाही. टाकी हेलकावे घेत होती. सकाळचे पोहे पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आले. मग पायांना गार लागलं.

"साहेब, काशीराम बोलतोय," तो वॉकीटॉकीत म्हणाला. "पानी आत यायला लागलंय."

"काशीराम, तू अजून पडलेला नाहीस," सरफरे साहेबांचा आवाज आला.

"साहेब, मी पान्यात हाय."

"कार्यक्रमपत्रिका बघ. प्रमुख पाहुण्यांचं स्वागत, मग दीपप्रज्वलन, मग तुझं पडणं. पाहुण्यांची गाडी सावर्ड्याला अडकली आहे. ते येईपर्यंत तू अवकाशात आहेस."

"तवर मला भायेर तरी काडा."

"अवकाश आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत येत नाही. हद्दीबाहेर बचाव केला तर उत्तर कोणी द्यायचं?"

सव्वीस वर्षांची सवय अशी की काशीरामला क्षणभर हे पटलं. मग पाणी ढोपराला लागलं आणि पटेनासं झालं. गळतीची तक्रार त्याने आणखी दोनदा केली. पहिल्यांदा त्याला सांगण्यात आलं की क्रमांक तेवीस हिरवा आहे. दुसऱ्यांदा सांगण्यात आलं की हे आधीच सांगितलं आहे.

ओहोटी लागली होती. टाकी हळूहळू बाहेर चालली. बचाव नौकेवरची सोळा माणसं ती जाताना शिस्तीत बघत राहिली. त्याच वेळी फुजैल सोलकर नावाचा मच्छीमार नौकेचा तांडेल बांगड्याची जाळी भरून बंदराकडे परतत होता. भर समुद्रात केशरी टाकी तरंगताना बघून त्याने नौका जवळ घेतली आणि टाकीवर थाप मारली. आतून थाप आली.

"आत कोन हाय?"

"काशीराम गोताड. जोखीम कक्ष."

"टाकीत काय करतास?"

"साहेब म्हनतात, मी अवकाशात हाय."

फुजैलने टाकीला कान लावला. "पानी किती हाय?"

"कमरेच्या वर."

"अवकाशात?"

काशीरामने वॉकीटॉकीवर परवानगी मागितली. सरफरे साहेबांनी नोंदवही उघडली. 'स्थानिक मच्छीमार नौका जवळ येणे' हा धोका क्रमांक एकतीस होता. "तिला जवळ येऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "तू आधीच एका धोक्यात आहेस, दुसरा कशाला?"

तेवढ्यात खरखर झाली आणि वॉकीटॉकीवर नम्रताचा आवाज आला. तिने साहेबांच्या हातातला वॉकीटॉकी ओढून घेतला होता. "बाहेर जे कोणी आहात त्यांनी झाकण उघडा. मी सांगतेय. नम्रता पावसकर. नाव लिहून घ्या." कक्षाच्या इतिहासात एखाद्या धोक्याला मालक मिळाल्याची ही पहिलीच वेळ. तिचं कंत्राट त्याच दुपारी संपलं, वास्तविक त्याचे पाच महिने शिल्लक होते.

"वरती सील हाय," आतून काशीराम ओरडला. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. "तोडलं तर गुन्हा हाय."

"गुन्हा कोनावर?"

"तोडनाऱ्यावर."

"बरा. मंग मी तोडतो, तू गप ऱ्हा," फुजैल म्हणाला आणि त्याने कोयत्याच्या एका घावात लाख उडवली.

बांगड्यांच्या ढिगाशेजारी पडून काशीरामने वर आकाश बघितलं आणि तो लहान पोरासारखा रडला. आपण मेलो असतो, आणि ते अगदी नियमात बसलं असतं, एवढं त्याला लख्ख कळलं. फुजैलने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही न विचारता नौका बंदराकडे वळवली. मागे टाकी बांधून घेतली होती.

धक्क्यावर सोनूबाईने नवऱ्याला आपल्या शालीत गुंडाळलं. त्याच वेळी पाहुण्यांची गाडी आली, मुलांनी झेंडे हलवले आणि सरफरे साहेब घामाघूम होऊन धावत आले.

"काशीराम, घोळ झाला. अपघात अजून व्हायचा आहे आणि तू बाहेर आहेस. 'वेळेआधी सुटका' असा धोका नोंदवहीत नाही. दहाच मिनिटं परत बस. टाकीतलं पाणी उपसायला सांगितलंय."

काशीरामने साहेबांकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्याने त्यांच्यासारख्या अकरा जणांना 'होय साहेब' म्हटलं होतं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "मी बसनार नाय."

साहेब रागावले नाहीत. नकाराला त्यांच्याकडे रकाना नव्हता, म्हणून त्यांनी तो सोडून दिला आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला. नागरिकांमधून एक स्वयंसेवक हवा आहे, वजनाची अट शिथिल करण्यात आली आहे, बसणाऱ्यास पाहुण्यांच्या हस्ते 'अवकाशवीर (पर्यायी)' असं प्रशस्तिपत्र आणि त्यांच्यासोबत छायाचित्र मिळेल, अशी घोषणा झाली.

पाच मिनिटांत रांग लागली. ती मांडवातून निघून रिक्षा स्टँडपर्यंत गेली. काशीराम सोनूबाईचा हात सोडून त्या रांगेकडे गेला. या माणसांपैकी एक जण आता त्या टाकीत उतरणार होता, आणि त्याच्यासाठी फुजैल दुसऱ्यांदा त्या वाटेने येईलच असं नव्हतं.

"बसू नका," तो पहिल्याला म्हणाला. "आत पानी भरतंय. मी आताच मरता मरता आलोय."

"तुमचा फोटो झाला वाटतं," पहिला म्हणाला.

दुसऱ्याने सांगितलं की सरकारने काहीतरी बघूनच केलं असेल. तिसरी बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती, तिने फक्त लहान मुलं चालतात का एवढं विचारलं. चौथ्याने काशीरामच्या ओल्या कपड्यांकडे बघून त्याच्यासोबत सेल्फी काढला. काशीराम एकेकाला सांगत मागे मागे येत राहिला. त्याचा आवाज बसत चालला होता, पण तो थांबला नाही.

तुम्ही म्हणाल, कसली ही माणसं, आम्ही असतो तर ऐकलं असतं. सतराव्या क्रमांकावर तुम्हीच होतात. काशीराम तुमच्यापाशी आला, त्याने हात तुमच्या खांद्यावर ठेवला आणि तो काही बोलणार, इतक्यात तुम्ही त्याला म्हणालात, "काका, मधे घुसू नका. मागून रांगेत या."