कमी केलेल्या खर्चांची बदली

कुमुद बेडगकर यांनी सोमवारी ऑफिसबाहेरचा चहा बंद केला आणि त्याच संध्याकाळी तो चहाचा खर्च कापडी पिशवी घेऊन त्यांच्या घरी राहायला आला.

यात नवल काही नव्हतं. कमी केलेला खर्च जाणार तरी कुठे? ज्याचा त्याच्या घरी येतो. मिरजेत सगळ्यांकडे असंच होतं, म्हणून तर लोक खर्च कमी करायच्या गप्पा फार मारतात आणि करत मात्र कुणी नाही. दोन खोल्यांच्या घरात आणखी माणसं झोपवायची कुठे?

कुमुदताईंना मात्र गप्पा मारून भागणार नव्हतं. दूध संघाच्या आस्थापना विभागात त्या मुख्य लिपिक होत्या. निवृत्तीला सहा वर्षं उरलेली, फ्लॅटच्या कर्जाला नऊ, आणि संघात पेन्शन नावाचा प्रकार नाही. यजमानांचं, म्हणजे मधुसूदनरावांचं झेरॉक्सचं दुकान कधीच मिटलेलं. म्हणजे निवृत्तीनंतर एक तर कुणाच्या तरी कापडदुकानात गल्ल्यावर बसा, नाहीतर फ्लॅट विका. कुमुदताईंना दोन्ही मान्य नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर आपण कुणाच्याही बापाला 'येस सर' म्हणणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्या ठरवत तेव्हा ठरवतच.

चहाचा खर्च अंगाने किडकिडीत आणि स्वभावाने बोलका होता. "या, बसा," कुमुदताई म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. पाणीसुद्धा विचारलं नाही. नियमच तसा आहे. कमी केलेल्या खर्चाचा पाहुणचार केला की तो पुन्हा कामावर रुजू झाला असं धरतात. आता तुम्हीच सांगा, दारात आलेल्याला पाण्याचा तांब्याही द्यायचा नाही, हे आपल्याकडच्या बाईला किती जड जात असेल! कुमुदताईंचा जीव कासावीस झाला, पण त्या सोफ्यावर हाताची घडी घालून बसून राहिल्या.

त्या आठवड्यात भज्यांचा खर्च आला. ही बाई होती, चहाच्या खर्चाची बायको. मग रिक्षाचा आला, इस्त्रीचा आला. शनिवारी हॉटेलात जेवायचा खर्च आला, चांगला गलेलठ्ठ, आणि आल्या आल्या दिवाणावर आडवा झाला. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. इस्त्रीचा खर्च दाराशी ताठ उभाच राहायचा. बसलं की घडी मोडते, असं त्याचं म्हणणं होतं.

घोळ घातला तो मधुसूदनरावांनी. रविवारी दुपारी पानं मांडली, तसा हॉटेलचा खर्च भिडस्तपणे उठला. "चला, तुमचं होऊ दे. मी जरा खाली जाऊन येतो."

झालं! मधुसूदनराव ज्या घरात वाढले तिथे पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन जिलब्या जास्त पडत. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, असं कसं? जेवायच्या वेळेला कुणी उठून जातं का? दोन घास खाऊन घ्या."

कुमुदताई स्वयंपाकघरातून पळत आल्या, तोवर खर्च हात धुऊन पानावर बसला होता. मधुसूदनरावांनी त्याला "माझी शपथ आहे तुम्हाला" म्हणत तिसरी पोळीही वाढली. संध्याकाळी दोघं नवरा-बायको स्टेशन रोडवरच्या हॉटेलात मसाला पापड खात बसलेले होते. इलाजच नव्हता. खर्च रुजू झाला होता.

परत येताना कुमुदताई रस्त्यातच थांबल्या. "तुमच्या आग्रहापायी मी सत्तरीपर्यंत गल्ल्यावर बसायचं का?"

"अगं, पण तो उपाशी उठत होता!"

"खर्च आहे तो! उपाशीच ठेवायचा असतो." "मला भीती वाटते हो. मला म्हातारपणी पोटासाठी उभं राहायचं नाहीये."

मधुसूदनरावांनी तीस वर्षांत बायकोला भीती वाटताना पाहिलं नव्हतं. त्यांना फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वाटवे आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि डोकी मोजली.

"बेडगकर, तीन दिवसांपेक्षा जास्त राहिले की ते पाहुणे नाहीत, रहिवासी होतात. पाणीपट्टी माणशी लागेल."

"हे पाणी पीत नाहीत," कुमुदताई म्हणाल्या.

"पिण्याचा संबंध नाही. पट्टी राहण्यावर आहे." वाटव्यांनी चष्मा पुसला. "तुम्हीच मीटिंगमध्ये तसा ठराव मांडला होता."

ते खरं होतं. कुमुदताईंनी आठ दिवसांची मुदत मागितली. वाटव्यांनी दिली, आणि जाताना इस्त्रीच्या खर्चाच्या शर्टाकडे कौतुकाने पाहिलं.

ऑफिसात त्या दिवशी कुमुदताईंचं कामात लक्ष नव्हतं. समोर बदल्यांची फाईल होती. दूध थंड करायच्या कुठल्याशा शीतकेंद्रावर दोन माणसं जास्तीची झाली होती, त्यांना दुसरीकडे टाकायचं होतं. सही घेण्यासाठी त्या उठल्या आणि अर्ध्या वाटेवर थबकल्या. संघात इतकी वर्षं काढली, पण जास्तीचा झाला म्हणून घरी बसवलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. जास्तीच्या माणसाची बदली करतात. मग आपण कशाला एकेकाला काढून टाकत बसलोय? साधी गोष्ट, आपल्याच टेबलावरची, आणि आपल्याला सुचू नये! त्यांनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या खर्चांना हॉलमध्ये गोळा केलं.

"तुम्हाला कुणालाही काढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमची बदली झाली आहे. कर्जखात्यावर."

हॉलमध्ये कुजबुज झाली. "तिकडची हवा वाईट आहे म्हणतात," रिक्षाचा खर्च म्हणाला. "गेलेला परत येत नाही."

"हवा सगळीकडे सारखीच. रोज बँक उघडायच्या वेळेला हजर व्हायचं. मूळ रकमेवर बसायचं. व्याज गोड बोलेल, त्याच्या नादी लागायचं नाही."

चहाच्या खर्चाने हात वर केला. "आणि आमच्या हिचं काय?"

"पती-पत्नी एकत्रीकरण. दोघांना एकाच खात्यावर दिलंय."

भज्यांच्या खर्चाने पदराने डोळे टिपले. बाकीचेही तयार झाले. हॉटेलचा खर्च तेवढा दिवाणावरून हलेना. "मी रुजू आहे. मला इथून कुणी हलवू शकत नाही," असं म्हणून त्याने मोठ्या आशेने मधुसूदनरावांकडे पाहिलं.

मधुसूदनराव उठले. भल्या माणसाला हे बोलताना घाम फुटला, पण बोलले. "मी तुम्हाला जेवायला घातलं ती माझी चूक. आता कामाला जायचं. उठा!"

दुसऱ्या दिवशी सगळे रांगेने बँकेत गेले आणि तिकडेच राहिले. वाटव्यांनी त्यांची नोंद 'नोकरीनिमित्त बाहेरगावी' अशी केली. कुमुदताई चालत ऑफिसला जायच्या, मधुसूदनराव घरी इस्त्री करायला शिकले आणि एकदाच काय तो शर्ट जाळला. कर्ज आधी हललं नाही. मग हललं, आणि एकदा हललं तसं झपाट्याने उतरत गेलं. नऊ वर्षांचं कर्ज चौथ्या वर्षी संपलं.

त्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात कर्जाचा हप्ता उभा होता, हातात जुनी ट्रंक, आणि त्याच्या मागे जिन्यावर चहा, भजी, रिक्षा, इस्त्री, हॉटेल.

कुमुदताईंनी हप्त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पगार झाला की तो घेऊन जायचा आणि त्या मान खाली घालायच्या. त्यांना तो राक्षसासारखा वाटायचा. आता दिव्याखाली उभा होता तो एक दमलेला, प्रामाणिक गृहस्थ होता. इतक्या वर्षांत त्याने एक दिवस रजा घेतली नव्हती.

"तिकडचं काम संपलं," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही. पहिल्या तारखेला जायचं, एवढंच येतं."

"तेवढंच पाहिजे," कुमुदताई म्हणाल्या. "पहिल्या तारखेला बँकेत जायचं, पण आता माझ्या नावावर जमा व्हायचं. या सगळ्यांना सोबत घेऊन."

"किती दिवस?"

"मी निवृत्त होईपर्यंत."

"आणि मग?"

"इतकी वर्षं मी तुम्हाला सांभाळलं. मग तुम्ही मला सांभाळायचं."

हप्त्याने विचार केला. मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. मग ट्रंक खाली ठेवली आणि विचारलं, "महिन्याची पहिली रविवारी आली तर?"

"तर सोमवारी जा," कुमुदताई म्हणाल्या आणि त्याला आत घेऊन त्यांनी दार लावलं.