वटारच्या बाईंकडे

आमच्या मजल्यावरचे दळवी काका दर रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मेलेल्या माणसांकडे बसायला जातात.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. तलावाकाठी, बागेत सिमेंटचे बाक असतात आणि त्यांच्या पाठीवर 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं असतं. तुम्हीही पाहिले असतील. आपण त्यावर बसतो, शेंगा खातो, टरफलं तिथेच टाकतो आणि उठतो. दळवी काका आधी नाव वाचतात, मान लववतात, मग बसतात. उठताना "येतो" म्हणतात. घरी परतल्यावर जिन्यात कोणी विचारलं, "काका, कुठे जाऊन आलात?" तर "तलावावर" असं उत्तर येत नाही. "त्र्यंबकरावांकडे," असं येतं.

तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी एकदा सहज चौकशी केली.

"कोण हो त्र्यंबकराव? नात्यातले का?"

"नाही. वारले ते."

"अगं बाई! कधी?"

"पाटीवर तारीख पुसट झालीय."

तेव्हापासून काका दिसले की त्या बाई भिंतीला चिकटून उभ्या राहतात आणि त्यांना आधी जाऊ देतात.

मी विरारच्या मनवेलपाड्यातल्या या बिल्डिंगीत फ्लॅट घेतला, तो माझ्या पगारावर. वडील जन्मभर मिठागरावर खपले, आईला सहीपुरतं लिहिता येतं, आणि आमच्या घरात पदवी आणणारी मी पहिली. हे मी येईल त्याला सांगते, लाजत नाही. वाचता येणं हे काय असतं ते ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं आहेत त्यांना कळायचं नाही. त्यामुळे बाकावरचं नाव वाचून मगच बसणारा माणूस मला वेडा वाटला नाही. बाकी सगळ्या बिल्डिंगीला वाटला.

वेडा वाटायला दुसरंही कारण होतं. काका फोन उचलत नाहीत. मोबाइल आहे, तो पिठाच्या डब्यामागे बंद करून ठेवलेला असतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याचा टँकर आला हे सांगायलासुद्धा चार मजले चढून यावं लागतं. धापा टाकत तो ओरडतो, "अहो, फोन कशाला असतो मग?" काका शांतपणे म्हणतात, "मी जातो त्या लोकांना फोन करावा लागत नाही."

काकू गेल्या त्या करोनात. मला त्या थोड्याच आठवतात. बुटक्या, भराभर चालणाऱ्या, आमसुलाचं सार वाटीत घालून दारात उभ्या राहणाऱ्या. अँब्युलन्स आली, त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या, आणि पुन्हा चढल्या नाहीत. काकांना तेव्हा पालिकेने दाराला पट्टी लावून आत कोंडलेलं होतं. सगळ्यांनी बाल्कन्यांतून पाहिलं. काकूंचं नाव काय होतं ते बिल्डिंगीत कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आमच्याकडे बायकांना नावं नसतात, आडनावं असतात. त्या 'दळवी काकू' होत्या, तशाच गेल्या.

डॉक्टरांनी मला थायरॉइडसाठी चालायला सांगितलं, म्हणून रविवारी मी काकांबरोबर जाऊ लागले. माझी स्कूटर, त्यांची माहिती. विरारची, नालासोपाऱ्याची, वसईची तळी, बागा, बंधाऱ्याकडची पायवाट, सगळं मी त्यांच्यासोबत पाहिलं. लोक पाणी बघायला येतात, बदकं बघायला येतात. काका यजमान बघायला येत. आणि यजमानांबद्दल त्यांची मतं ठाम होती.

"गणपतराव माणूस सज्जन, पण दहानंतर उन्हात बसवतात."

"मनूबाईंकडे वारा छान. पण शेजार वाईट, पाणीपुरीवाला आहे."

"त्र्यंबकराव जरा तिरके आहेत." म्हणजे बाकाचा एक पाय खचला होता.

सांडोरला एका बाकावर क्रूस होता. तिथे काका टोपी काढून बसत. "जुझेबाबांकडे चर्चमधली मिसा सुटल्यावर येऊ नये," असा त्यांचा सल्ला होता. "घरची पाहुणे मंडळी असतात."

एकदा गणपतरावांकडे एक जोडपं बसलं होतं, खूप जवळ. मला वाटलं, काका आता खाकरणार. काका म्हणाले, "बसा, बसा, उठू नका. गणपतरावांना तेवढीच सोबत." मुलाने मागे वळून नाव वाचलं. मुलीनेही वाचलं. मग दोघं असे उठून गेले की मुलीची पाण्याची बाटली तिथेच राहिली. काका हळहळले. "मेलेल्या माणसाला का घाबरतात, कळत नाही. तो काही फोन करत नाही."

एका जातीच्या बाकांवर मात्र ते कधी बसले नाहीत. 'यांच्या सौजन्याने' असं लिहिलेल्या स्टीलच्या बाकांवर. नाव मोठं, खाली पदं, कधी हात जोडलेला फोटो. "हे अजून जिवंत आहेत," काका म्हणत. "त्यांच्याकडे ओळखीशिवाय कसं जाणार?"

या सगळ्या फेऱ्यांचा शेवट ठरलेला असे. वटारच्या वाटेवर केळीच्या वाड्यांच्या कडेला एक लहानसं तळं आहे. पाण्यावर जलपर्णी, काठावर भेंडीचं एक जुनं, डेरेदार झाड आणि त्याखाली एकच बाक. तिथे जायचं असलं की काका "वटारच्या बाईंकडे" म्हणत. बाईंचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मला वाचताही आलं नाही, कारण काका पोचल्या पोचल्या खिशातला मोठा पांढरा रुमाल काढून बाकाच्या पाठीवर उजव्या बाजूला अंथरत आणि त्याला टेकून बसत. "शेवाळ आहे, शर्ट खराब होतो," असं कारण. डाव्या बाजूची झिजलेली अक्षरं झाडाच्या सावलीत लांबून लागत नसत. पहिल्या खेपेला मी त्या रिकाम्या डाव्या बाजूला टेकायला गेले, तर काका एकदम म्हणाले, "तिकडे नको. तिकडे मुंग्या आहेत."

मुंग्या नव्हत्या. पण म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? मी तळ्याच्या पायरीवर बसले. पुढेही तिथेच बसत राहिले.

बाकी ठिकाणी ते मला यजमानांबद्दल सांगत. वटारला ते एक अक्षर बोलत नसत. पाणी बघत. मध्येच बाकाच्या रिकाम्या बाजूकडे मान वळवून पुन्हा पाण्याकडे बघत.

मग सुशोभीकरण सुरू झालं.

त्याआधी मला तो शब्द चांगला वाटायचा. काठाला रंगीत फरशी, दिवे, व्यायामाची लोखंडी यंत्रं, सेल्फी काढायला लाल बदाम. आणि जुने बाक तोडून नवे स्टीलचे. पहिले गेले गणपतराव. काका जिन्यात म्हणाले, "गणपतरावांना उठवलं." पुढच्या महिन्यात त्र्यंबकराव. मनूबाईंचा बाक तोडला तेव्हा तिथे त्यांची मुलंबाळं कोणी आली नव्हती. पाणीपुरीवाल्याने नावाचा तुकडा उचलून गाडीच्या चाकाखाली अडसर म्हणून लावला. काकांनी ते पाहिलं आणि दोन रविवार घराबाहेर पडले नाहीत.

तिसऱ्या रविवारी त्यांनी माझी बेल वाजवली. आंघोळ नव्हती, इस्त्री नव्हती.

"वटारला सुशोभीकरणाचा फलक लागलाय म्हणतात. स्कूटर काढता का?"

आम्ही पोचलो तेव्हा पायरी उखडून झाली होती. भेंडीखाली तीन मजूर होते आणि सिमेंट फोडायचा ब्रेकर चालू होता. काका चालत गेले, रुमाल काढला, उजव्या बाजूला अंथरला आणि बसले. धूळ उडत होती, ते पाण्याकडे बघत होते.

मुकादमाने ब्रेकर बंद करवला. "बाबा, उठो ना. आज ही काम पूरा करना है."

"माझं अजून बसून झालेलं नाही."

"कब होगा?"

काकांनी खरंच विचार केला. "सांगता येत नाही," म्हणाले.

मजूर हसले. मी मुकादमाशी वाद घालायला लागले, की नोटीस दाखवा, आदेश दाखवा. मला कागद वाचता येतो, कोणाला घाबरत नाही मी. तो म्हणाला, "मॅडम, बाकवाल्यांनाच विचारून तोडतोय. ते काय आले."

वाडीतून एक पन्नाशीचा माणूस येत होता. बनियन, अर्धी पँट, हातात केळी कापायचा कोयता. नाव हरेश. काकांसमोर येऊन उभा राहिला.

"काय ओ, तुमी कोन?"

काकांनी रुमालाची सुटलेली कड सरळ केली.

"ह्यो बाक आमचा हाय. आमच्या आयचा. मीच सांगलंय तोडा म्हनून. तुमचं काय हाय ह्यात?"

"मी... बसायला येतो इथे."

"ते म्हाईत हाय मला. दर रविवारी वाडीतून बघतो. आमी आयची पोरं, आमी कोन येत नाय. तुमी येता. तुमी कोन आमच्या आयचे?"

प्रश्न वाईट होता आणि त्याला तो वाईटच विचारायचा होता. मजुरांनीही कान टवकारले. गावात दर रविवारी एक परका म्हातारा मेलेल्या आईच्या बाकावर येऊन बसतो, यावर लोक काय बोलत असतील, ते मला त्या क्षणी कळलं.

हरेशने हात घातला आणि त्यांच्या पाठीमागचा रुमाल ओढला.

पहिल्यांदाच मी ती ओळ सबंध वाचली. 'कै. सौ. शालिनी विष्णू राऊत.' रुमालाखाली इतकी वर्षं 'विष्णू राऊत' होतं. शेवाळाचं तिथे नाव नव्हतं. उघडं ठेवलेलं होतं ते नुसतं 'कै. सौ. शालिनी', आणि त्या अक्षरांसमोरची जागा रिकामी.

"माझ्या मिसेसचं नाव," काका म्हणाले. "शालिनी. आडनाव तेवढं वेगळं."

हरेशच्या हातात रुमाल तसाच राहिला. त्याने विचारलं, "तुमच्या मिसेसचा दगड कुटं हाय?"

"नाही. मी आत कोंडलेला होतो. हॉस्पिटलातून फोन आला. 'झालं,' म्हणाले."

"काय झालं?"

"सगळंच. गेली, आणि नेऊन झालंसुद्धा. एकाच फोनमध्ये सांगितलं."

मुकादम तळ्याकडे तोंड करून तंबाखू मळत राहिला. हरेशने रुमाल झटकला, घडी घालायचा प्रयत्न केला, त्याला जमली नाही. तसाच काकांच्या मांडीवर ठेवला.

"आमच्या आयच्या वेळेला आमी सगळी होतो," तो म्हणाला. "तिला पानी पन मी पाजलं." मग कोयत्याचं टोक मातीत रुतवत म्हणाला, "बाबा, ह्यो काय आता ऱ्हानार नाय. तोडूंदेत. मी वाडीत नवा बांदतो. आयचं नाव लावतो. रविवारी तिकडं या. आनि रुमाल घेऊन या."

काका उठले. "येतो," म्हणाले. बाकाला. मग ब्रेकर सुरू झाला आणि आम्ही निघालो. स्कूटरवर मागे त्यांचं वजन जाणवत नव्हतं.

हरेश बोलल्याप्रमाणे वागला. महिन्याभरात त्याने निरोप पाठवला, फोनवर नाही, केळीच्या टेम्पोवाल्याबरोबर. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

वाडीत विहिरीजवळ, केळींच्या सावलीत नवा बाक होता. हरेशने जीव ओतला होता. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, आणि नावाच्या वर, डाव्या बाजूला, दगडात कोरलेला त्याच्या आईचा फोटो. गोल चेहरा, मोठं कुंकू, डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले. हुबेहूब, असं हरेश अभिमानाने सांगत होता.

काकांच्या हातात रुमाल होता. नाव झाकता येतं, चेहरा कसा झाकणार? बाईमाणसाच्या चेहऱ्यावर कापड कधी टाकतात ते सांगायला नको. काकूंच्या वेळी काय टाकलं, कसं टाकलं, ते त्यांनी पाहिलंही नव्हतं. ते त्या फोटोसमोर उभे राहिले, आणि मला वाटलं, आता हा माणूस इथूनही उठला. आता याला जायला कुठे उरलं नाही.

"नमस्कार," काका फोटोला म्हणाले. "मी दळवी. विरारहून येतो. आमचीही शालिनीच. इतकी वर्षं तुमच्या नावावर बसलो, राग मानू नका."

ग्रॅनाइटवर धूळ बसली होती. त्यांनी रुमालाने बाईंचा चेहरा पुसला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, आणि उजवीकडे बसले.

हरेशची बायको चहा घेऊन आली. काकांच्या हातात कप दिला आणि पदर सावरून, म्हाताऱ्या पाहुण्याशी चार शब्द बोलावेत म्हणून, बाकाच्या डाव्या बाजूला टेकायला गेली.

"वहिनी, तिकडे नको," मी म्हणाले. "तिकडे मुंग्या आहेत."