साडूसाहेब आणि राखीव सूट

"पोहण्यात एवढं काय असतं? उडी मारायची आणि हात मारत सुटायचं. खरं काम व्यवस्थापकाचं असतं," असं साडूसाहेब विमानात बसल्यापासून ज्याला त्याला ऐकवत होते.

जलतरण संघटनेचे अध्यक्ष म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एवढ्या एका पात्रतेवर साडूसाहेब जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला पथकाचे व्यवस्थापक म्हणून निघाले होते. पाण्याशी त्यांचा संबंध अंघोळीच्या बादलीपुरता, आणि तोही गरम असेल तरच.

पथक तरी किती मोठं? साडूसाहेब, कोचबाई आणि पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहणारा एक ताडमाड तरुण, ज्याला सगळे बाण म्हणत. शाळेत असल्यापासून कोचबाईंनी त्याला घडवलं होतं. पन्नास मीटर म्हणजे तलावाची एकच लांबी. प्रेक्षकाला शिंक आली आणि त्यानं रुमाल शोधला, की शर्यत संपलेली असते. तेवढ्यासाठी माणूस वर्षानुवर्षं अंधारात उठून थंड पाण्यात उतरतो, हे साडूसाहेबांना फार हास्यास्पद वाटे. स्वतः ते एकाच गोष्टीसाठी वेळेवर उठत. हॉटेलातल्या नाश्त्यासाठी.

आणि बाणानं कमाल केली. प्राथमिक फेरी काढली, उपांत्य फेरी काढली आणि तो थेट अंतिम शर्यतीत जाऊन बसला. त्याच्या देशाच्या कुठल्याही पुरुषाला हे आजवर जमलं नव्हतं. कोचबाई एका खांबाआड जाऊन डोळे पुसून आल्या. साडूसाहेबांनी अध्यक्षांना फोन लावला आणि "मी नियोजनच तसं केलं होतं," असं सांगून टाकलं.

शिवाय त्यांनी आयोजकांच्या मागे लागून लागून एक मान पदरात पाडून घेतला होता. अंतिम शर्यतीनंतर विजेत्यांच्या हाती फुलांचे गुच्छ द्यायला जे पाहुणे उभे राहणार होते, त्यांत साडूसाहेब एक होते. बायकोला, मेव्हणीला आणि दूध टाकणाऱ्यालासुद्धा त्यांनी टीव्हीसमोर बसायला कळवलं होतं.

अंतिम शर्यतीच्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत त्यांनी संघटनेचा गणवेश चढवायला घेतला. निळा कोट, पांढरी पॅन्ट. पॅन्ट निघण्यापूर्वी शिवलेली होती आणि मधे बरेच नाश्ते होऊन गेले होते. हूक एकीकडे, काज दुसरीकडे, दोघांत बोलणं बंद झाल्यासारखं. साडूसाहेबांनी श्वास आत घेतला, पलंगावर आडवे झाले, भिंतीला टेकून पाहिलं. हुकानं दाद दिली नाही.

मग त्यांना सूट आठवला.

शर्यतीत पोहणारे कंबरेपासून गुडघ्यापर्यंत एक घट्ट सूट घालतात. तो इतका घट्ट असतो, की चढवताना दुसऱ्या माणसाला ओढावं लागतं. "सगळं मांस आवळून धरतो हा, साहेब," असं कोचबाई एकदा सहज म्हणाल्या होत्या. बाणाकडे असे दोन सूट होते, एक नवा आणि एक वापरून जरा सैल पडलेला. तो राखीव. सामानाच्या कपाटाची किल्ली व्यवस्थापक या नात्यानं साडूसाहेबांनी हट्टानं स्वतःकडे ठेवली होती.

'नवा सूट आहेच त्याला. आपण समारंभ झाला की परत ठेवून देऊ,' असा विचार करून त्यांनी कपाट उघडलं. बाणाचं पाहून, सूट सरकावा म्हणून पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, मांड्यांना हॉटेलचं सगळं क्रीम फासलं आणि घामाघूम होईपर्यंत झटापट केली. शेवटी सूट चढला. पॅन्टचा हूक लागला. पोट काही नाहीसं झालं नव्हतं, ते फक्त वरच्या मजल्यावर राहायला गेलं होतं. कोटाची बटणं त्यांनी मोकळी सोडली आणि आरशात पाहून स्वतःलाच मान डोलावली.

तलावाकडे जाताना बसमध्ये जागा असूनही साडूसाहेब उभे राहिले. कोचबाई म्हणाल्या, "बसा की, साहेब."

"जबाबदारीचा दिवस आहे. बसवत नाही," साडूसाहेब म्हणाले. हे मात्र खरं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येक पथकाला एकेक बाक आणि आडोशाला एक पडदा होता. बाण सरावाचं पोहून आला, अंग पुसून पडद्याआड गेला. कोचबाई बाहेर बॅगा लावत होत्या. आतून "टर्र" असा आवाज आला. बाण टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातला नवा सूट मांडीपासून कंबरेपर्यंत फाटला होता.

"होतं असं. घाबरू नकोस, दुसरा आहे," कोचबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी बॅग उघडली, उलटी केली, झटकली. "साहेब, राखीव सूट कपाटातून आणलात ना?"

या घडीला साडूसाहेबांनी खरं सांगितलं असतं, तर थोडी शोभा झाली असती आणि बाकी सगळं निभावलं असतं. पण बाणासमोर आणि बाईसमोर पॅन्ट उतरवायची? तीही व्यवस्थापकानं? त्यांनी गंभीर चेहरा केला.

"आणला होता. चोरीला गेलेला दिसतोय."

"चोरीला? इथे?"

"मी म्हणतो ना! हे शेजारचे मघापासून आपल्याकडेच बघतायत."

शेजारच्या बाकावर दुसऱ्या देशाचं पथक होतं. त्यांचा टकला कोच केळं खात बसला होता. साडूसाहेबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला चोर म्हटलं. तो केळं ठेवून उठला. आवाज चढले, तसा स्पर्धेचा एक पंच आत आला. झालं काय ते ऐकून तो म्हणाला, की मग सगळ्यांच्याच बॅगा तपासू, सुरुवात तक्रार करणाऱ्यापासून.

"हो हो, तपासा," साडूसाहेब म्हणाले. बॅगेत काही सापडणार नाही, एवढी खात्री त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. मग आपली कळकळ दिसावी म्हणून ते स्वतःच बाकाखाली वाकून शोधू लागले.

तिथेच घात झाला. कोट वर सरकला, शर्ट वर सरकला आणि पांढऱ्या पॅन्टच्या वर एक काळी चकचकीत पट्टी सगळ्यांना दिसली.

 टकल्या कोचनं आधी पट्टीकडे पाहिलं, मग कोचबाईंकडे.

"साहेब," कोचबाई म्हणाल्या, "पॅन्ट काढा."

"अहो, पण..."

"काढा."

पडद्याआड जे झालं त्याला झोंबाझोंबीच म्हणायला हवं. सूट अंगावर आणि क्रीम आत, त्यात तासाभराचा घाम. तो कातडीसारखा चिकटून बसला होता. टकल्या कोचनं साडूसाहेबांना काखेत हात घालून धरलं, बाणानं एक पाय, पंचानं दुसरा. कोचबाई पडद्याबाहेरून "खालून ओढा, वरून नको," असं सांगत होत्या. सूट मांडीपर्यंत आला आणि अडला. बाणानं जोर लावला. पुन्हा तोच आवाज आला.

तेवढ्यात अंतिम शर्यतीचा पुकारा झाला. टकल्या कोचनं आपल्याकडचा एक सूट पुढे केला. बिचाऱ्याला मघाशी चोर म्हटलं होतं, तरी केला. पण तो चढवायला वेळ कुठे होता? बाणानं बाकावर टाकलेली सरावाची ओली चड्डी उचलली, पायांत घातली आणि तो धावत निघून गेला.

साडूसाहेबही बाहेर आले. ओढाताणीत पॅन्टचा हूक तुटला होता, म्हणून ती एका हातानं धरून ते तलावाच्या कडेला उभे राहिले. सगळीकडे चिडीचूप झालं. शिट्टी, भोंगा, आठ जण पाण्यात. सात सूट लखलखीत काळे, एक चड्डी फिकट निळी. बाण जीव तोडून पोहला. भिंतीला हात लागले तेव्हा कोण कितवा ते डोळ्यांना कळेना, सगळ्यांनी फलकाकडे पाहिलं.

बाण चौथा. तिसऱ्यात आणि त्याच्यात नखाएवढं अंतर होतं.

कोचबाई टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या. बाण बराच वेळ दोरीला धरून पाण्यातच राहिला.

"चौथा म्हणजे उत्तमच की," साडूसाहेब त्यांना म्हणाले. कोचबाई टॉवेल उचलून बाणाकडे निघून गेल्या.

बाण वर आला, तसे मायदेशाहून आलेले दोन पत्रकार पुढे झाले. "सगळे सूटमध्ये आणि तुम्ही साध्या चड्डीत, हा निर्णय कुणाचा?"

बाण अजून धापा टाकत होता. त्यानं बोटानं दाखवलं. "यांचा."

दुसरा कुणी असता तर भुईत गेला असता. साडूसाहेब कॅमेऱ्यापुढे आले. मोकळ्या हातानं त्यांनी केस नीट केले.

"निर्णय सर्वस्वी माझा," ते म्हणाले. "अंग मोकळं असलं की हालचाल मोकळी होते, हे माझं पहिल्यापासूनचं मत. त्याचं फळ आज आपण पाहतोय." मग एका हातात पॅन्ट सावरत त्यांनी दुसऱ्या हातानं गुच्छही दिले.

परतल्यावर अध्यक्षांनी त्यांना बायकोसह घरी बोलावलं. बायका आत गेल्या. बैठकीच्या खोलीत दोघे साडू समोरासमोर बसले.

"मुलाखत पाहिली," अध्यक्ष म्हणाले. "पण जाणकार म्हणतात, सूट असता तर पदक नक्की होतं. म्हणजे पदक तुमच्यामुळे गेलं?"

"नाही, तसं नाही... त्याचा सूट फाटला होता."

"अस्सं. मग राखीव सूट होता ना? तो कुठे गेला?"

साडूसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. सूट कुठे होता ते सांगायचं, की आपण बिनडोक ठरायचं, एवढंच उरलं होतं. त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"राखीव होता," ते छाती काढून म्हणाले. "पण मीच नको म्हटलं. निर्णय माझा."

"शाबास," अध्यक्ष म्हणाले. "मग व्यवस्थापकपदाचा राजीनामाही तुम्हीच द्या. तोही निर्णय तुमचाच."

साडूसाहेब बायकोसह चालत घरी निघाले. वाटेत म्हणाले, "गेलं तर गेलं पद. माणसानं शब्दाला जागावं. निदान अब्रू राहिली."

बायको चालता चालता थांबली.

"कोचबाईंनी भाऊजींना त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "आज फक्त तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं. ताईनं तर दाराआड आम्हा दोघींसाठी खुर्च्या टाकून ठेवल्या होत्या."