वारंगकाकूंची काहीच तक्रार नाही

मैत्रबन सोसायटीच्या वेबसाइटवर आलेख बनवायची सोय सुरू झाली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वारंगकाकूंचा दरवाजा गेला, कारण त्यांच्या नावावर एकही तक्रार नव्हती.

शेजारच्या हेमलताबाई बोंद्रे सकाळी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या तेव्हा त्यांना हे दिसलं. दाराच्या जागी सलग भिंत होती, बाकीच्या पॅसेजसारखीच, भिजवलेल्या डाळीच्या पिठाच्या रंगाची. खाली पायपुसणं तेवढं राहिलं होतं. हेमलताबाईंनी भिंतीवर हात फिरवून पाहिला. कुठे सांधा लागेना. आतून मात्र कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणजे काकू होत्या.

बाईंना पहिला राग आला तो दार गेल्याचा नव्हे, तर आपल्याला न कळता गेल्याचा. इमारतीत कुणाकडे गॅसचा सिलिंडर कधी संपतो हे त्यांना त्या घरच्या बाईच्या आधी कळायचं. आणि इथे अख्खा दरवाजा, चौकट, कडी-कोयंड्यासकट नाहीसा होतो आणि आपण झोपलेल्या.

त्या तशाच, हातात दूध घेऊन, सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. सेक्रेटरी चिंचोरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते कॉम्प्युटरपुढे बसले होते.

"साहेब, वारंगकाकूंचं दार कुठंय?"

"आलेखात बघितलंत?"

"पॅसेजमध्ये बघितलं."

"पॅसेजचं नंतर. आधी आलेखात बघायचं असतं," चिंचोरे म्हणाले आणि त्यांनी पडदा बाईंकडे वळवला.

मैत्रबनच्या नियमातच होतं, की इमारत वेबसाइटवर जशी असेल तशीच प्रत्यक्षातही असली पाहिजे. आजवर त्याचा कुणाला त्रास झाला नव्हता. वेबसाइटवर तक्रारींचा नुसता तक्ता यायचा, तोही सर्व्हरकडून तयार होऊन. पानात वाढून आलेलं गुमान जेवावं, तसं ते बघायचं. पण तळमजल्यावरच्या गुंडेवारांनी वार्षिक सभेत हट्ट धरला, की सभासदाला स्वतःच्या हातानं आलेख करता आला पाहिजे. म्हणून मुक्ता गोगटे नावाच्या मुलीला काम दिलं. तिनं त्याच जुन्या वेबसाइटमध्ये आलेखाचा नवा भाग बसवून दिला. डावीकडे नावं असत, ती बोटानं ओढून आडव्या-उभ्या रेषेवर सोडली की खांब उभे राहत. पहिल्या दिवशी कुणीतरी गोल आलेख करून मुख्य पानावर जतन केला, तर दुपारपर्यंत सगळ्यांची दारं कलिंगडाच्या फोडीसारखी झाली होती. मग कमिटीनं ठराव करून मुख्य पानावर खांबच ठेवले. आडव्या रेषेवर घरं आणि उभ्या रेषेवर तक्रारी. एका तक्रारीला एक वीत दार. गुंडेवारांचं दार आता दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं होतं आणि वरची कडी लावायला ते शिडी वापरत. ते खूश होते. हेमलताबाईंचं स्वतःचं दारही छताला टेकलेलं होतं, पण त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत.

"तीनशे एक, तीनशे तीन," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मधलं तीनशे दोन?"

"शून्य तक्रारी. 'रिकामी घरं लपवा' अशी खूण आहे, त्यात गेलं."

"रिकामं? बाई आत वरण शिजवतेय."

"आकड्यानं रिकामं, बोंद्रेबाई. वरणाचा रकाना नाही."

"मग ती खूण काढा."

"सभेत ठराव लागेल. सभेची नोटीस प्रत्येक सभासदाच्या दारावर चिकटवावी लागते." चिंचोऱ्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. "त्यांना दार नाही. म्हणजे सभा बोलावता येत नाही."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की बाईंच्या हातातली दुधाची पिशवी दाबली जाऊन फुटायची राहिली. "तिचं शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरांनी बजावलंय, आता थांबलात तर डोळा जाईल. जायचं कसं तिनं, भिंतीतून?"

"त्यांनी तक्रार नोंदवावी. मोबाइलवरून होते. पण ती त्यांची स्वतःची हवी आणि खरी हवी. तशी खूण करावी लागते."

हेमलताबाईंनी मुक्ताला फोन लावला. ती संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आली. पोरगी गुणी होती. तिनं चिंचोऱ्यांच्या परवानगीनं, चाचणी म्हणून, ती खूण दोन मिनिटं काढून दाखवली. तीनशे दोन परत आलं, पण शून्य उंचीचं. पॅसेजमध्ये भिंतीच्या तळाशी नुसती फट उघडली. हेमलताबाईंनी तेवढ्यात घरातून चपात्या आणून फटीतून एकेक आत सरकवल्या. भाजी जाईना.

"तूच टाक की गं एखादा आकडा," त्या म्हणाल्या. "आठ-नऊ तक्रारी. कुणाला कळतंय?"

"काकू, आलेख मी केलाय, आकडे माझे नाहीत," मुक्ता म्हणाली. "ते सर्व्हरवर असतात. मी फक्त मांडून दाखवते. तिथं हात घातला तर उद्या मला कोण काम देईल?"

बाईंनी तिला चहा पाजून पाठवलं. पण मांडणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही हे त्यांना पटलं नाही ते नाहीच.

आता उरली काकूंचीच बाजू. दोघींच्या स्वयंपाकघरामागच्या बाल्कन्या लागून होत्या, मध्ये बोटही न जाणाऱ्या बारीक जाळीचं ग्रिल. ग्रिल कापायचा विचार चिंचोऱ्यांनी आधीच निकालात काढला होता. ग्रिलची अडचण होते अशी घरमालकाची तक्रार असल्याशिवाय ते कापता येत नव्हतं. काकूंना ग्रिलची अडचण नव्हती. त्यावर त्या फडकी वाळत घालत.

वारंगकाकू मूळच्या मालवणकडच्या, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मिरजेत आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. त्या ग्रिलपाशी स्टूल टाकून बसल्या होत्या.

"काकू, लिहा. पाणी कमी दाबानं येतं."

"माका पुरता गो."

"वरच्या मजल्यावरनं कुंड्यांचं पाणी गळतं तुमच्या कपड्यांवर."

"झाडांक घालतत बिचारी. कपडे काय, सुकतत."

"लिफ्ट बंद असते."

"मी खंय जातंय लिफ्टीन? जिन्यान बरा पडता, माणसा भेटतत."

"अहो, आता जिनाही नाही तुम्हाला," हेमलताबाई म्हणाल्या. "दार नाही तुम्हाला. त्याची तरी तक्रार करा."

काकूंनी विचार केला. "थंड वारो येणा नाय आता. बरा वाटता," त्या म्हणाल्या. "जाऊ दे, हेमा. डोळ्याचा पुढच्या खेपेक बघूया."

या 'जाऊ दे'नं बाईंचं डोकं फिरलं. आयुष्यभर 'जाऊ दे' म्हणत आलेल्या माणसाला शेवटी भिंतीत चिणतात, आणि ते भिंतीतूनही 'जाऊ दे'च म्हणतं. त्यांनी ठरवलं, की काकूंना त्रास द्यायचा. मनापासून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, काकूंच्या झोपेच्या वेळी, त्यांनी खलबत्त्यात शेंगदाणे कुटले. शेंगदाणे संपल्यावर रिकामाच खल कुटला. काकू ग्रिलशी येऊन म्हणाल्या, बरी सोबत झाली. मग त्यांनी रेडिओ मोठ्यानं लावला. काकूंनी तो आणखी थोडा मोठा करायला सांगितला. संध्याकाळी त्यांनी ग्रिलच्या बाजूला लसणीच्या फोडणीचा धूर सोडला, तर पलीकडून प्रश्न आला, "किती पाकळ्यो घातलंस?" रात्री हेमलताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या बाईला त्रासच होत नाही. असल्या माणसांमुळेच बाकीच्यांचं फावतं." नवरा बरं म्हणाला. त्याच्याही फारशा तक्रारी नसत, पण त्याचं दार बायकोच्या नावावर निभावून जात होतं.

बुधवारी सकाळी त्या ग्रिलपाशी उभ्या राहून नेहमीसारखी बातमी सांगत होत्या. त्रास देणं त्यांनी सोडून दिलं होतं.

"गुंडेवारांच्या सुनेनं काल बॅग भरली. सासूच्या नाकासमोरनं बाहेर पडली, रिक्षात बसली, आणि गेली कुठे माहितीय?"

"खंय?" काकू पुढे सरकल्या.

इतक्यात आत फोन वाजला. चिंचोऱ्यांचा होता. भिंतीपुढचं पायपुसणं हे पॅसेजमधलं अतिक्रमण ठरतं, ते कुणी उचलायचं, असं ते विचारत होते. हेमलताबाईंनी त्यांना काय काय ऐकवलं ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. त्या रागाच्या भरात त्यांनी पायपुसणं उचललं, झटकलं, धुतलं आणि गच्चीवर नेऊन वाळत घातलं. गुंडेवारांची सून त्यांच्या डोक्यातून पार निघून गेली.

दुपारी त्या गच्चीवरून उतरल्या तर भिंतीच्या तळाशी एक वीत दार होतं. चौकटीसकट. कडीसुद्धा होती, बाहुलीच्या घराला असावी तेवढी.

त्यांनी मोबाइलवर पाहिलं. तीनशे दोन, तक्रार एक. 'शेजारीण गोष्ट अर्धी सांगून आत जाते.'

हेमलताबाई पॅसेजमध्येच बसल्या. आधी त्यांना आनंद झाला. मग त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

काकूंचं त्यानंतर काय झालं ते सांगता येत नाही. झाकण एकदा सैल झालं की आतलं फसफसून वर येतं, तसं झालं. दार डोळ्यांदेखत वाढू लागलं. 'शेजारीण प्रत्येक वस्तूची किंमत विचारते.' वीत. 'माझा स्टीलचा डबा तिच्याकडे आहे, गणपतीपासून.' वीत. 'स्वतः मासे खात नाही आणि मला कोकम किती घालायचं ते शिकवते.' वीत. 'मला काकू म्हणते. स्वतः काही कोवळी नाही.' गुरुवारी दुपारपर्यंत दार खांद्याला लागलं. त्यातली एकही तक्रार पाण्याबद्दल, लिफ्टबद्दल किंवा दाराबद्दल नव्हती.

सगळ्या खऱ्या होत्या, हेच बाईंना लागलं. त्या दारासमोर गेल्या. काकू आतून वाकून बघत होत्या, अर्ध्या आंधळ्या डोळ्यांनी.

"इतकं होतं मनात?" हेमलताबाई म्हणाल्या. "चुकलं माझं, काकू. माफ करा."

चिंचोरे तेव्हा टेप घेऊन पॅसेजमध्ये आलेखाप्रमाणे दारं मोजत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि मोबाइल काढला. "ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनी माफी मागितली. निवारण झालं," ते म्हणाले. "बरं झालं, मिटलं." आणि त्यांनी बोट दाबलं.

दार खाली जात जात जमिनीत गेलं. काकूंचा चेहरा आधी गेला, मग हात. भिंत सलग झाली.

हेमलताबाईंनी पदर खोचला. "साहेब, ती माफी मी परत घेते."

"माफी परत घेता येत नाही."

"का नाही? मी मागितली, मी परत घेते. माझं काही चुकलं नाही. मी किंमत विचारणार. डबा देणार नाही. कोकम किती घालायचं ते सांगणार, आणि काकूच म्हणणार. मी सुधारणार नाही. कुणाला लिहून हवं असेल तर लिहून देते."

"म्हणजे तक्रारीचं कारण कायम आहे म्हणता?"

"मी जिवंत आहे तोवर कायम आहे."

चिंचोऱ्यांनी नियम आठवून पाहिला. कारण कायम असेल तर निवारण रद्द होतं, हे त्यांना मान्य करावं लागलं. त्यांना ते आवडलं नाही; महिन्याचा निवारणाचा आकडा त्यांना चांगला दाखवायचा होता. "तुमच्यासारख्यांमुळे आलेख बिघडतो, बोंद्रेबाई," ते म्हणाले.

"बिघडू दे. त्याला शुक्रवारी दवाखान्यात जायचं नाहीये."

दार परत खांद्याएवढं झालं. काकू तिथेच उभ्या होत्या.

शुक्रवारी सकाळी दोघी त्यातून वाकून बाहेर पडल्या, काकू पुढे आणि बाई मागे, काकूंच्या डोक्याला चौकट लागू नये म्हणून वर हात धरून. रिक्षात काकूंनी विचारलं, "गुंडेवाराची सून खंय गेली?" बाईंनी दवाखाना येईपर्यंत सगळं सांगितलं, शेवटासकट. ती माहेरी गेली नव्हती. बहिणीबरोबर साडी बदलून आणायला गेली होती आणि बॅगेत साडी होती. काकूंची निराशा झाली, पण त्यांनी ती नोंदवली नाही.

ऑपरेशन झालं. पट्टी काढायला हेमलताबाईच घेऊन गेल्या आणि घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावर, दाराशी, काकूंनी काळा चष्मा वर सारला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून मोबाइल काढला आणि भराभर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिताय?"

"तुझ्या हनुवटीर एक केस असा," काकू म्हणाल्या. "काळो. इतकी वर्सा माझ्यासमोर उभी रवतंस, कधी दिसूक दिलंस नाय."

हेमलताबाईंनी हनुवटीला हात लावून पाहिला. केस होता. दार आणखी एक वीत वर गेलं, आणि दोघी न वाकता आत गेल्या.