सबनीसकाकांची छत्री

केबलला सबनीसकाका "उष्टं" म्हणत. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये भगवानदास नावाचा सिंधी माणूस खोलीत बसून चित्र आधी स्वतः पकडतो, मग तारेने आमच्या अंबरनाथला सोडतो. म्हणजे त्याचं बघून झालेलं आपण बघायचं, हा त्यांचा मुद्दा. आमच्याकडे टीव्ही चालू असला तर काका दाराबाहेर उभे राहून, टीव्हीकडे पाठ फिरवून बोलायचे. जन्मात असा माणूस पाहिला नाही मी.

स्वतःसाठी त्यांनी गच्चीवर डिश बसवली होती. बदलापूरच्या कुणा बुडालेल्या केबलवाल्याकडून आणलेली, जाळीची, अर्धी गच्ची खाणारी. बिल्डिंगमध्ये तिला सगळे छत्री म्हणायचे. "थेट आकाशातून येतं, मध्ये कुणी नाही," हे काका जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचे. आता येत काय होतं, तर चिनी बातम्या, रशियन नाच आणि अरबीतलं काहीबाही. एक अक्षर कळायचं नाही, पण रोज संध्याकाळी मांडी घालून बघायचे.

वारा सुटला की छत्री हलायची आणि चित्र जायचं. एरवी अशा वेळी एक जण वर छत्री फिरवतो आणि दुसरा घरातून "आलं, आलं, गेलं" असं ओरडतो. काकू गेल्यापासून काकांकडे ओरडायला कुणी नव्हतं. मग ते वर जाऊन जरा फिरवायचे, धापा टाकत तळमजल्यावर येऊन बघायचे, की परत वर. आम्हाला गंमत वाटायची.

माझी गंमत पावसाळ्यात संपली. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर. छत्रीचे बोल्ट माझ्याच स्लॅबमध्ये ठोकलेले आणि त्यांच्या कडेने पाणी सरळ माझ्या पलंगावर. डोक्यावर एवढी मोठी छत्री, आणि भिजायचं मी! काकांना गोड बोलून सांगितलं, कडू बोलून सांगितलं. ते म्हणाले, पाणीसुद्धा थेट आकाशातून येतंय, त्यात छत्रीचा काय दोष? माझं टाळकंच फिरलं. आमचं बोलणं बंद झालं.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की रविवारी छत्री उतरवायची आणि सबनीसांनी मुकाट्याने केबल घ्यायची. भगवानदासही आला होता. त्याने हात जोडले, "साईं, हमारा भी एक बार देखो ना." काका उठून गेले.

रविवारी मी मिस्त्रीला घेऊन गच्चीवर गेले, तर काका आधीच तिथे. छत्रीच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून, कठड्याला अगदी लागून उभे. मिस्त्रीने पाना काढला. हात लावून तर बघ, असं काका त्याला म्हणाले, आणि खांबासकट मागे झुकले. जुना गंजका खांब कर्र करून वाजला. हा म्हातारा हट्टापायी खाली जाणार, आणि तेही माझ्या पलंगापायी.

"काका, अहो, त्या तारेत एवढं वाईट आहे तरी काय?"

"त्या तारेतून ही येते," काका म्हणाले. "न सांगता."

मला काही उमजेना. मग ते तुटक तुटक बोलले. भगवानदास दुपारी आपल्या चॅनेलवर गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या कॅसेट लावायचा. लोक हौसेने द्यायचे. काकूंचं दिवसपाणी उरकून थोडे दिवस झाले होते, तेव्हा त्याने काकूंच्या भाचीच्या लग्नाची लावली. काका नेमके बँकेत गेलेले. परत आले तर जिन्यात जो तो सांगतोय, काकू दिसल्या हो, पंगतीत वाढत होत्या. सगळ्या बिल्डिंगने तिला बघितलं, नवऱ्याने नाही. तेव्हापासून केबलसमोर बसलं की छातीत धडधड, आता येईल की मग येईल. म्हणून त्यांनी तार काढून टाकली.

"त्या चिन्यांत ओळखीचं कुणी नसतं," काका म्हणाले. मग हळूच विचारलं, "तुम्ही बघितलीत ना तिला? बोलत होती का काही?"

मला खोटं बोलवेना. ओठ हलत होते, पण कॅसेटवर सगळीकडे सनई घातलेली, शब्द ऐकूच आला नाही, असं मी सांगितलं. पाहुण्यांना आग्रह करत असतील, असंही म्हटलं.

काकांनी खांब सोडला. "ओठ मला कळतील," म्हणाले.

मी खाली येऊन भगवानदासला फोन केला. कॅसेटची कॉपी त्याच्याकडे होती, लगेच चॅनेलवर लावतो म्हणाला. मिस्त्री वर बोल्ट सोडवत होता, पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पहिल्यांदाच माझ्या घरात आले आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात फरशीवर बसले.

सनई सुरू झाली. पंगत आली. काकू मठ्ठा वाढत वाढत पुढे आल्या, थबकल्या, जिलबी वाढणाऱ्या मुलाकडे बघून डोळे मोठे केले आणि काहीतरी म्हणाल्या.

"आग्रह नाही हा," काका म्हणाले. "इकडे, ह्या बाजूला मी बसलोय, फोटोग्राफरने घेतलं नाही मला. ती त्याला सांगतेय, ह्यांना नको हं आता, साखर वाढलीय."

काकू मठ्ठ्याचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळल्या. काका पडद्याजवळ सरकले.

"तू वळलीस ना, तेव्हा घेतल्या मी," ते तिला म्हणाले. "दोन घेतल्या."