अखंड सेवा, गुरुवारी चार मिनिटे

सोमवार, दिनांक ३ मार्च रोजी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी शहराच्या नोंदणी कार्यालयातील एक्केचाळीस संगणक एकाच वेळी गोठले आणि एकोणीस मिनिटे तसेच राहिले. बाहेर माणसे जन्मत, मरत आणि लग्न करत होती. आत मात्र त्याची दखल घेणारे कोणी नव्हते. विवाह नोंदणीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका जोडप्याने त्याच क्षणी 'पाठवा' हे बटण दाबले होते. त्यांचा अर्ज गेला तो गेलाच.

त्या जोडप्यातील वधू ही याच कार्यालयाच्या विश्वसनीयता कक्षाच्या प्रमुखांची एकुलती एक मुलगी.

प्रमुखांना सगळे पाचनऊ साहेब म्हणत. यंत्रणा नव्याण्णव दशांश नऊ नऊ नऊ टक्के वेळ चालू राहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या पाच नऊंच्या हिशेबाने वर्षाकाठी जेमतेम सव्वापाच मिनिटांचा बंद क्षम्य ठरतो. साहेबांना तोही मनापासून क्षम्य वाटत नसे.

"बाबा, तुमच्या क्लाउडनं माझं लग्न गिळलं," मुलीने संध्याकाळी घरात पाऊल टाकताच जाहीर केले.

"गिळलं नाही. 'प्रक्रियेत' आहे," साहेब म्हणाले.

"मग नवा अर्ज का घेत नाही?"

"जुना प्रक्रियेत असताना नवा कसा घेईल? पन्नास दिवसांनी जुना आपोआप रद्द होतो. तोवर थांबायचं."

"अहो, जावयांचं जहाज पंचवीस एप्रिलला सुटतंय," साहेबांच्या पत्नीने आठवण करून दिली. जावई जहाजावर इंजिनिअर होते. दाखला असेल तरच बायकोला सोबत नेता येत होते. नसेल तर ते नऊ महिने पाण्यावर आणि ही जमिनीवर. "तुमच्याच हाताखालची यंत्रणा ना? पुसून टाका तो अर्ज."

"हाताने नोंद पुसायची? मग विश्वसनीयता कुठे राहिली?"

"ती राहू दे हो. पोरगी राहत्येय घरी, त्याचं काय?"

साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. पन्नास दिवस म्हणजे बावीस एप्रिल. जहाजाआधी तीन दिवस उरतात. तीन दिवस यंत्रणा चालू ठेवणे म्हणजे काही विशेष नव्हे.

दुसऱ्या दिवशी संचालिकाबाईंनी बैठक बोलावली. एकोणीस मिनिटांत साडेतीन वर्षांचा कोटा संपला असल्याने पुढची साडेतीन वर्षे यंत्रणा क्षणभरही बंद पडू नये, असा आदेश निघाला. साहेबांनी तातडीने दुसऱ्या शहरात तसेच दुसरे संगणक केंद्र उभारले. पहिले कोसळले तर दुसऱ्याने सूत्रे हाती घ्यायची. तशी ती घेता येतात का, हे तपासून पाहावे अशी सूचना कोणीतरी केली. पण तपासणी फसली तर ती बंदमध्ये मोजावी लागली असती. म्हणून ती केली नाही. दुसरे केंद्र निर्दोष असल्याचा शेरा मात्र दर आठवड्याला पडत राहिला.

पहिले केंद्र खरेच कोसळले की नुसते अडखळले, हे दुसऱ्याला कळावे कसे? त्यासाठी तिसरे केंद्र आले. या दोघांवर लक्ष ठेवणे एवढेच त्याचे काम. मार्चच्या अखेरीस दोन शहरांमधला संपर्क तीन सेकंद तुटला. पहिल्याला वाटले, दुसरे गेले. दुसऱ्याला वाटले, पहिले गेले. दोघांनीही कारभार हाती घेतला. तिसऱ्याने पाहिले तर एका गादीवर दोन मालक; नियमाला धरून त्याने दोघांनाही खाली बसवले. कार्यालय दीड दिवस बंद होते.

"एक केंद्र होतं तेव्हा एकोणीस मिनिटं," संचालिकाबाई म्हणाल्या. "तीन झाली तर दीड दिवस. चौथं नका हं बांधू."

मग सल्लागार आला. त्याचे बूट त्याच्या आधी खोलीत शिरल्यासारखे चकचकीत होते.

"सर, बंद पडणं हा दोष नाही," तो म्हणाला. "न सांगता बंद पडणं हा दोष. आधी सांगितलं की तो नियोजित बंद. नियोजित बंद कुणीही मोजत नाही. सगळ्या करारांत तसंच असतं."

"पण केव्हा बंद पडणार, हे आधी कसं कळणार?" साहेबांनी विचारले.

"कळायची गरज काय? रोज सकाळी दिवसभराचा बंद जाहीर करा. त्यातून चालू राहिली तर नागरिकांचं नशीब."

"नागरिकांना चालेल?" संचालिकाबाईंना लोकशाहीची आठवण झाली.

"त्यांची संमती घेऊ ना, मॅडम. अर्जाच्या वर एक लहान चौकोन ठेवायचा. 'नियोजित बंद मला मान्य आहे.' चौकोन दिसला की माणूस टिचकी मारतो. खाली काय लिहिलंय ते वाचत बसला तर त्याचं काम कधी होणार?"

साहेबांच्या शिस्तीत हे बसत नव्हते, पण गणितात बसत होते. पहिल्याच आठवड्यात अनियोजित बंद शून्यावर आला. आता प्रश्न एकच उरला, की नियोजित सेवा किती ठेवायची. साहेबांनी जुन्या नोंदी चाळल्या. यंत्रणा सलग किती वेळ हमखास चालते, याचे उत्तर आले चार मिनिटे. त्यानुसार दर गुरुवारी अकरा ते अकरा वाजून चार मिनिटे ही सेवेची वेळ ठरली. माणसाचा हात लागला की चूक होते, म्हणून बंद करण्याचे काम साहेबांनी यंत्रणेवर सोपवले आणि भिंतीवरचा खटका काढून टाकला. मुदतवाढ हवीच असेल तर तिचा अर्ज ऑनलाइन करायचा होता. त्याच संकेतस्थळावर.

गुरुवार, २४ एप्रिल. मुलगी आणि जावई साडेदहालाच साहेबांच्या दालनात येऊन बसले. जावयांची बॅग दाराशी होती, मुलीचीही.

अकराला पडदा उजळला. मोबाइलवरचा संकेतांक यायला पावणेदोन मिनिटे गेली. चौकोन आला. मुलीने त्यावर टिचकी मारली.

"काय लिहिलं होतं गं?" साहेबांनी विचारले.

"कोण वाचतंय बाबा! फोटो कुठाय? अहो, तुमचा फोटो!"

जावयांनी फोटो दिला. तो मोठा निघाला. लहान केला, तर फार लहान झाला. अकरा वाजून तीन मिनिटांनी दोघांचेही फोटो बसले आणि सह्यांचा रकाना उघडला.

"बाबा, एक मिनिट! एकच मिनिट वाढवा!"

तीस वर्षांत पाचनऊ साहेब प्रथमच नियमाविरुद्ध धावले. भिंतीपाशी पोचले. तिथे खटक्याच्या जागी चार स्क्रूंची भोके होती. परत वळून त्यांनी आपल्या संगणकावर मुदतवाढीचा अर्ज उघडला. यंत्रणेने त्यांना संकेतांक पाठवला आणि अकरा वाजून चार मिनिटे झाली.

पडद्यावर नम्र अक्षरे उमटली : 'नियोजित बंद. आपल्या संमतीबद्दल आभार.'

"मी कधी दिली संमती?" मुलगी ओरडली.

जावयांनी दारापाशी जाऊन फक्त स्वतःची बॅग उचलली.

"नऊ महिने म्हणजे काय, बघता बघता जातात," साहेब अखेर म्हणाले.

"हो बाबा. गुरुवार मोजत बसेन."

आर्थिक वर्षाच्या अखेरीस कार्यालयाला अखंड सेवेचा चषक मिळाला. बंदला एकाही नागरिकाने हरकत घेतली नसल्याचे संचालिकाबाईंनी भाषणात अभिमानाने सांगितले, आणि ते शब्दशः खरे होते. ज्यांना ही हकीगत अतिशयोक्त वाटते त्यांनी आपण शेवटचा चौकोन कधी वाचला होता, एवढे आठवून पाहावे. कारण अहवालातल्या संमतींमध्ये आपलीही आहे.

उपलब्धता : शंभर टक्के. संमती : दोन लाख चौदा हजार तीनशे सहा. एप्रिलपासून नोंदवलेले विवाह : शून्य.